म्युझिक लायसन्सिंग कंपनी बंद होतेय. माझ्या ट्रॅक्सचे हक्क आणि थकलेली रॉयल्टी यांचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सोलापुरात बसून एका लायसन्सिंग कंपनीसाठी पार्श्वसंगीताचे ट्रॅक्स केलेत, त्यात हलगी आणि सुंदरी (छोट्या सनईसारखं वाद्य) हीही वाजवून घेतलीत. आता कंपनीचा मेल आलाय की महिनाअखेर सेवा बंद होणार. रॉयल्टी थकलेली आहे आणि तेच ट्रॅक्स दुसरीकडे द्यावेत का, हे कळत नाही.

कंपनी बंद पडली म्हणून हक्क आपोआप तुमच्याकडे परत येत नाहीत. ते बुडतही नाहीत. करारात काय लिहिलंय आणि कंपनी नेमकी कोणत्या रीतीने बंद होतेय, यावर सगळं ठरतं. हक्क आणि पैसे ही दोन वेगळी कामं समजा. पैसे बहुधा पूर्ण मिळणार नाहीत. हक्क मात्र नीट पावलं टाकली तर बऱ्याचदा परत मिळतात. म्हणून जोर हक्कांवर लावा.

कायद्याआधी एक काम आजच करा. पोर्टलवर लॉगिन चालू आहे तोवर सगळं उतरवून घ्या: सही झालेला करार, नंतर बदललेल्या अटी, प्रत्येक तिमाहीचं रॉयल्टी स्टेटमेंट, प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची कायमची ओळख), अपलोडची तारीख, मंजुरीचा मेल. स्टेटमेंट एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये मिळत असेल तर तसंच घ्या, नुसते स्क्रीनशॉट नकोत. सर्व्हर बंद झाला की हा पुरावा कोणीही परत देत नाही, आणि पुढची प्रत्येक पायरी याच कागदांवर उभी आहे.

थकबाकीचा आणखी एक पुरावा तुमच्या पॅनवर पडलेला असतो. भारतीय कंपनीने रॉयल्टी हिशेबात तुमच्या नावे जमा दाखवली की, वर्षाची रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर असल्यास, टीडीएस तेव्हाच कापावा लागतो, प्रत्यक्ष पैसे पाठवले नसले तरीही. समजा २६एएसमध्ये (आयकर पोर्टलवरचा टीडीएसचा उतारा) वर्षभरात ६०,००० रुपये जमा दिसतायत आणि त्यावर १० टक्के म्हणजे ६,००० कापलेत. बँकेत ५४,००० यायला हवे होते. पासबुकात ३०,०००च असतील, तर २४,००० रुपये कंपनीने स्वतःच कबूल केलेलं देणं आहे. हा आकडा नाकारणं कंपनीला जड जातं.

आता करार उघडा. पहिला प्रश्न: तुम्ही हक्क कायमचे लिहून दिलेत, म्हणजे असाइनमेंट केली, की फक्त लायसन्स दिलं? लायसन्स असेल तर मालकी तुमचीच आहे. ते नॉन-एक्सक्लुझिव्ह असेल तर तेच ट्रॅक्स आजही दुसरीकडे देता येतात. एक्सक्लुझिव्ह असेल तर आधी ते कराराप्रमाणे लेखी संपवावं लागेल. मुदत संपवण्याचं कलम शोधा. बहुतेक करारांत ३०, ६० किंवा ९० दिवसांची नोटीस असते. ती वेळ आजपासून चालू व्हायला हवी, म्हणून थांबू नका.

असाइनमेंट असेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ ओळीने वाचा. असाइनमेंट लेखी हवी आणि त्यावर तुमची सही हवी. नुसत्या 'मान्य आहे' या बटणावर क्लिक करून मालकी गेली, असं कंपनी म्हणत असेल तर तो मुद्दा वकिलाकडून तपासून घ्या. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. सगळ्यात कामाचं पोटकलम १९(४): दिलेला हक्क कंपनीने असाइनमेंटच्या तारखेपासून एक वर्षात वापरलाच नाही, तर त्या हक्कापुरती असाइनमेंट संपते. म्हणजे कंपनीने घेतले पण कधी कॅटलॉगवर चढवलेच नाहीत, ते ट्रॅक्स इथे सुटू शकतात. अडचण एकच: 'करारात वेगळं लिहिलं नसेल तर' अशी त्याला अट आहे, आणि मुरलेल्या कंपन्या १९(४) लागू नाही असं वाक्य करारात घालून ठेवतात. ते वाक्य आहे का, हे आधी बघा.

ते वाक्य असलं तरी एक गोष्ट तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या संगीताच्या रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्ही लिहून देऊ शकत नाही किंवा सोडूही शकत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (रचनाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था, जसं आयपीआरएस) देता येतो. उद्या कोणी हा कॅटलॉग विकत घेतला तर त्याच्याकडेही हा वाटा मागा.

'बंद होतेय' म्हणजे काय, हे मेलवरून ठरवू नका. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कंपनीचं नाव टाकून स्थिती पाहा. तिथे 'अ‍ॅक्टिव्ह' असेल तर कंपनीने फक्त सेवा बंद केलीय. ही तुमच्यासाठी सगळ्यात चांगली वेळ, कारण सही करायला संचालक अजून जागेवर आहेत. याच काळात हक्क परत केल्याचा लेख, म्हणजे रिअसाइनमेंट डीड, योग्य मुद्रांकावर करून घ्या. सोबतच्या परिशिष्टात प्रत्येक ट्रॅकचं नाव, लांबी आणि आयएसआरसी लिहा. 'सर्व ट्रॅक्स' असं मोघम लिहिलं की पुढे प्रत्येक प्लॅटफॉर्म प्रश्न विचारतो.

कंपनी नाव काढून टाकायला निघाली असेल, म्हणजे स्ट्राइक ऑफ, तर निबंधकाच्या जाहीर नोटिशीनंतर ३० दिवसांत हरकत घ्या. देणी फेडल्याशिवाय कंपनीला हा अर्ज करता येत नाही, त्यामुळे तुमची थकबाकी हीच पुरेशी हरकत आहे. एकदा नाव निघालं की ते परत चढवायला एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) जावं लागतं. संचालकांची जबाबदारी तेव्हाही संपत नाही, पण सहीसाठी त्यांच्यामागे फिरणं फार त्रासाचं होतं.

एनसीएलटीने दिवाळखोरीचं प्रकरण दाखल करून घेतलं असेल तर नियम बदलतात. स्थगिती लागते, त्या काळात कंपनीवर दावा चालत नाही. जाहीर सूचना कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथल्या वर्तमानपत्रांत येते. कंपनी बंगळुरूची असेल तर सोलापूरच्या पेपरात ती शोधून काही हाती लागणार नाही. आयबीबीआयच्या (दिवाळखोरी प्रक्रियांवर देखरेख करणारं मंडळ) संकेतस्थळावर बघा. थकबाकीचा दावा साधारणपणे फॉर्म बीमध्ये, १४ दिवसांत. उशीर झाला तर निदान ९० दिवस हातात असतात. तो ईमेलने जातो, तिकडे खेटे घालायची गरज नाही. पण लक्षात ठेवा, लिक्विडेशनमध्ये, म्हणजे कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवताना, आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेले धनको, मग पगारदार, पुढे बाकीचे. तुमचा नंबर जवळजवळ शेवटी.

त्याच वेळी दुसरं, वेगळं पत्र पाठवा, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. पैशाचा दावा करतात, पण ट्रॅक्स आपले आहेत हे सांगतच नाहीत. मग लिक्विडेटर, म्हणजे ही विक्री करणारा अधिकारी, अख्खा कॅटलॉग कंपनीची मालमत्ता म्हणून विकायला काढतो. कायद्याने दुसऱ्याच्या मालकीची वस्तू लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरता येत नाही, पण ती दुसऱ्याची आहे हे कोणीतरी सांगायला हवं. मजकूर साधा ठेवा: 'सोबतच्या यादीतील संगीतकृती व ध्वनिमुद्रणं माझ्या मालकीची आहेत. दिनांक अमुकच्या करारान्वये कंपनीकडे केवळ लायसन्स होतं. त्यांचा समावेश विक्रीत करू नये व मास्टर फाइल्स परत कराव्यात.' ईमेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा, पोच जपा. असाइनमेंट असेल तर हे पत्र चालत नाही. मग रॉयल्टीच्या वाट्याची नोंद घ्या असं कळवा आणि स्वतःचे ट्रॅक्स विकत घ्यायची तयारी लेखी दाखवा. छोट्या कॅटलॉगला गिऱ्हाईक क्वचितच मिळतं, त्यामुळे माझ्या मते हा मार्ग करून बघण्यासारखा आहे.

कंपनी परदेशी असेल तर तिथलाच कायदा. अमेरिकेत न्यायालय दावा दाखल करायची शेवटची तारीख ठरवतं आणि ती चुकली की विषय संपतो. इंग्लंडमध्ये विसर्जित कंपनीची उरलेली मालमत्ता सरकारजमा होते, हक्क त्या खात्याकडून मागावे लागतात.

हक्क परत आल्यावर ट्रॅक पुन्हा चढवताना जुनाच आयएसआरसी वापरा. मालक बदलला तरी रेकॉर्डिंगचा क्रमांक बदलत नाही, आणि तीच फाइल, तोच क्रमांक राहिला तर जुने स्ट्रीम टिकण्याची शक्यता असते. यूट्यूबवर कंपनीची जुनी फाइल कंटेंट आयडीत (संगीत आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) राहिली असेल तर तुमच्याच व्हिडिओवर क्लेम येईल. हरकत नोंदवा, ३० दिवसांत समोरून उत्तर आलं नाही तर क्लेम सुटतो. मात्र करार संपल्याचा कागद हातात नसताना हे करू नका. आणि ज्यांनी आधी रीतसर लायसन्स घेतलंय, त्या जाहिरातवाल्यांचं किंवा फिल्म करणाऱ्यांचं लायसन्स त्याच्या मुदतीपर्यंत चालू राहतं. त्यांच्यावर क्लेम लावलात तर तुम्हीच अडचणीत याल.

आयपीआरएसचे सभासद असाल तर संगीतकाराचा वाटा तिथून थेट तुम्हाला येतो, कंपनी असो वा नसो. रिअसाइनमेंटनंतर तिथल्या नोंदीत प्रकाशक म्हणून कंपनीचं नाव काढून घ्यायला सांगा. कंपनीशी करार करण्याआधीच सभासद झाला असाल तर सोसायटीला दिलेल्या हक्कांच्या विरोधात जाणारी नंतरची असाइनमेंट कलम १९(८) प्रमाणे रद्दबातल आहे. सभासदत्वाची तारीख शोधून काढा.

समजुतीने काही झालं नाही आणि स्थगिती लागलेली नसेल, तर कलम १९अ खाली कमर्शियल कोर्टात तक्रार करता येते. कंपनी हक्क पुरेसे वापरत नाही म्हणून असाइनमेंट रद्द करा, शिवाय थकलेली रॉयल्टी वसूल करून द्या, अशा दोन्ही मागण्या तिथे बसतात. कोणी तुमचे ट्रॅक्स परवानगीशिवाय वापरत राहिलं, तर कलम ६२(२) मुळे तुम्ही राहता तिथे, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो.

शेवटी सुंदरी आणि हलगी वाजवणाऱ्यांचं. वादकाला त्याच्या वादनावर स्वतंत्र हक्क असतो. त्यांनी संमतीपत्र कंपनीच्या नावे दिलं असेल तर ते तुम्हाला आपोआप लागू होत नाही. ट्रॅक दुसऱ्या कुणाला देण्याआधी त्यांच्याकडून तुमच्या नावाने नवं पत्र घ्या, त्यात ट्रॅकचं नाव, दिलेलं मानधन आणि पुढच्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा लिहा.