गार्सिया आडनावाचा शोध घेताय? आधी हे वाचा

अरे, आडनाव गार्सिया म्हणजे सगळे एकाच खानदानातले असं धरून सुरुवात करू नकोस. मध्ययुगात गार्सिया हे माणसाचं पहिलं नाव होतं, नावार्‍याच्या (आजच्या उत्तर स्पेनमधलं जुनं राज्य) राजांचंसुद्धा, त्यामुळे ज्याच्या त्याच्या बापाच्या नावावरून हे आडनाव ठिकठिकाणी वेगवेगळं सुरू झालं, मूळ बहुधा बास्क (उत्तर स्पेन-फ्रान्स सीमेकडची भाषा) मानतात. आज स्पेनमध्ये हेच सगळ्यात कॉमन आडनाव, अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत सहावं. फिलिपिन्समधला गार्सिया दिसला तर लगेच स्पॅनिश रक्त समजू नकोस, तिथे स्पॅनिश राजवटीत १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने लोकांना यादीतून आडनावं वाटली होती. आणि स्पेनमध्ये दोन आडनावं असतात ना, आईकडचं दुसरं आडनाव दुर्मिळ असेल तर शोध तिथूनच धर, खरंच खूप सोपं जातं.