सीटी स्कॅन नॉर्मल आला, पण डोकं अजून ठणकतंय, क्लेम बसतो का?

प्रश्न: मी कराडला राहते, घरी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. चार महिन्यांपूर्वी पुण्याहून येताना नसरापूर फाट्याजवळ ट्रॅफिकमुळे आमची गाडी थांबलेली होती आणि मागून एका एसयूव्हीने जोरात ठोकलं. मिस्टर चालवत होते, मी मागच्या सीटवर होते, बेल्ट लावला नव्हता. डोकं पुढच्या सीटवर आपटलं, नंतरची काही मिनिटं मला आठवतच नाहीत, मग उलटी झाली. सीटी स्कॅन नॉर्मल निघाला, डिस्चार्ज कार्डावर ‘डोक्याला मुका मार’ एवढंच लिहून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पण तेव्हापासून डोकं ठणकतं, ट्यूबलाइट सहन होत नाही, फळ्यावर गणित सोडवताना मधेच पुढची पायरी सुचत नाही. तीन महिने क्लास बंद होता, आता निम्मीच मुलं येतात. घरचे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे, तू मनाला लावून घेतलंयस. त्या एसयूव्हीवाल्याचा माणूस दोनदा आला, वीस हजार घ्या आणि सही करा म्हणतो. हाड मोडलेलं नाही तरी क्लेम करता येतो का?
– एक वाचक, कराड

उत्तर: ताई, आधी एक गोष्ट घरच्यांना वाचून दाखवा. कन्कशनमध्ये, म्हणजे डोकं आपटून मेंदूला हिसका बसतो त्यात, सीटी स्कॅन नॉर्मलच येतो बहुतेक वेळा. स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर, सूज असलं काही दिसतं, पण हिसका बसून मेंदूचं काम बिघडलंय ते फोटोत उमटत नाही. डोकेदुखी, उजेड-आवाज नकोसा होणं, विसरायला होणं, चिडचिड, झोप न लागणं ही त्याचीच लक्षणं. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं, काहींना महिने लागतात, तुम्ही त्यातल्या आहात. मनाचे खेळ नाहीत हे.

आणि सही करू नका! त्या कागदावर ‘फुल अँड फायनल’ असं काहीतरी असणारच, उद्या दुखणं वाढलं की तोच कागद तुमच्यापुढे टाकतील. खरा पैसा तसाही त्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीसाठीच्या विम्यातून, यायचा असतो.

क्लेम बसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात पुणे जिल्ह्यात झाला म्हणून पुण्याला खेटे घालायची गरज नाही, तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. पण मुदत बघा. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असा नियम आहे. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका, तुमच्या हातात दोनच महिने आहेत. ज्या पोलीस स्टेशनला नोंद झाली तिथे विचारा की न्यायाधिकरणाला रिपोर्ट पाठवला का, कारण पहिला रिपोर्ट 48 तासांत आणि सविस्तर रिपोर्ट 90 दिवसांत पाठवायचा असतो. एफआयआर, पंचनामा, त्या गाडीच्या विम्याची प्रत हे सगळं तिथूनच मिळवा. हाड मोडलं तरच गंभीर दुखापत असंही नाही बरं का, भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये 15 दिवस तीव्र वेदना होणं किंवा रोजची कामं करता न येणं हेही धरलंय. तुमचे तीन महिने गेलेत.

आता पुरावा, खरी मेहनत इथे आहे. विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की ‘मुका मार’ लिहिलंय, मग एवढा त्रास कुठून आला. म्हणून या आठवड्यातच न्यूरोलॉजिस्टला दाखवा, डोकं आपटलं होतं, उलटी झाली होती, मधलं आठवत नाही, हे तुमच्या तोंडून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या, निदानही स्पष्ट शब्दांत मागा. स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची चाचणी होते तीही विचारा. घरी एका वहीत रोजचं लिहून ठेवा, किती वाजता डोकं दुखलं, कोणती गोळी घेतली, कुठलं काम अर्धवट राहिलं. साधी वाटते ही वही, पण सहा महिन्यांनी साक्ष देताना तुम्हाला तारखा आठवणार नाहीत, आणि त्यात तुमचा दोषही नसेल.

कमाईचं काय, असं वाटत असेल, कारण ट्यूशनची पगार स्लिप नसते. पण फी ज्या खात्यात यूपीआयने येते त्याचं दोन वर्षांचं स्टेटमेंट काढा, अपघातानंतरचे महिने कसे रिकामे पडलेत ते त्यात आपोआप दिसेल. रोख फीची हजेरीवही असेल तर ती, आणि दोन-तीन पालक साक्षीला तयार झाले तर फार उत्तम.

रकमेबद्दल खरं सांगते. तुम्ही पूर्ण बऱ्या झालात (व्हावंच!) तर उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई आणि सोसलेला त्रास एवढ्यावरच साधारण भरपाई मिळते. पुढच्या आयुष्यातलं उत्पन्न तेव्हाच धरतात जेव्हा अपंगत्व कायमचं राहिलंय हे डॉक्टर सांगतात, आणि तिथेही नुसते टक्के नाही तर त्यामुळे तुमच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं, असं सुप्रीम कोर्टाने 2010 च्या एका निकालात सांगितलंय. गणित शिकवणाऱ्या बाईच्या एकाग्रतेला धक्का लागणं म्हणजे काय, हे वकिलाला नीट मांडायला सांगा. मेडिक्लेमने बिल भरलं असेल तरी ती रक्कम या भरपाईतून वजा करायची नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने 2025 मध्ये ठरवलंय.

बेल्टचं लपवू नका. मागच्या सीटलाही बेल्ट सक्तीचा आहे, समोरचा वकील ते काढणारच, थोडी कपात होऊ शकते. पण थांबलेल्या गाडीला मागून ठोकलं ही चूक तुमची नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दवाखान्याबाहेर ‘मिळेल त्यातले तीस टक्के द्या’ म्हणणारे भेटतात त्यांच्या नादी लागू नका, वकिलाला अशी टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. आणि लोकअदालतीत तडजोड सुचवली तर डॉक्टरांना आधी विचारा की अजून किती सुधारणा होईल, कारण तिथे एकदा मान्य केलं की अपील नाही.