गावात प्रौढांना रस्ता सुरक्षा कशी शिकवावी?

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या गावात मोठ्या माणसांसाठी रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम कसा घ्यावा, असं विचारलंय. भाषण ठेवू नका. दिवसाउजेडी गावातल्याच अडचणीच्या वळणाच्या कडेला जमा. चिऱ्यांच्या कुंपणाआडून वाहन किती उशिरा दिसतं, ते चालकाला पादचाऱ्याच्या जागी उभं करून दाखवा. मग हिशेब सांगा: ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तरी तेवढ्यात एवढं अंतर गेलेलं असतं. पावसात थांबायला आणखी जागा लागते.

फुटपाथ नसेल तिथे चालणाऱ्यांनी उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं चालावं. सायकलवाल्यांनी मात्र डावीकडूनच. इथे बरेच जण गल्लत करतात. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवं, पट्टा लावून.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं वेगळंच आहे. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने लोक अपघातग्रस्ताजवळ थांबत नाहीत, ते पाहून जीव तुटतो. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, हे नीट समजावून सांगा. 108 क्रमांक तिथेच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या.