पाळकाने सगळंच करायचं का?

प्रश्न : सलाम. मी एका छोट्या चर्चचा पाळक (पास्टर) आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातच पाच-सहा कुटुंबांची प्रार्थना सुरू केली, आता भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी साठ-सत्तर माणसं येतात. संदेश मी देतो, गाणी मी निवडतो, दवाखान्यातल्या भेटी, हॉलचं भाडं, अर्पणाचा हिशोब सगळं माझ्याकडेच. बायको म्हणते मुलांना बाप फक्त व्यासपीठावर दिसतो. काहीजण कमिटी नेमा म्हणतात, पण कमिटी आली की भांडणं येतील अशी भीती वाटते. शिवाय जवळच्या एका चर्चमधली दोन कुटुंबं आमच्याकडे येऊ लागलीत, त्यांना घ्यावं का?
– एक तरुण पाळक, पिंपरी

उत्तर : पाळकसाहेब, सलाम. तुमची भीती समजते, कारभार बघणाऱ्या पंच कमिटीच्या भांडणात फुटलेल्या चर्चच्या मंडळ्या आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. पण बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 परत एकदा निवांत वाचा. तिथे भांडण आधी आलं, माणसं नंतर नेमली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा बारा प्रेषितांनी ते काम स्वतःकडे ओढून घेतलं नाही, मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली. आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, सगळी ग्रीक नावं! म्हणजे बहुतेक ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटणी दिली, केवढा विश्वास लागतो त्याला. आणि लगेच पुढे लिहिलंय की शिष्यांची संख्या खूप वाढली.

तुम्ही सुरुवात पैशापासून करा, आणि या रविवारपासूनच. अर्पणाची थैली घरी नेऊ नका. उपासना संपली की तिथेच टेबलावर दोघांनी मोजायचं, दोघं एका घरातले नकोत, तुमचे नातेवाईक तर नकोतच, रजिस्टरमध्ये रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि सोमवारी बँकेत भरायचं. तुम्ही प्रामाणिक आहात याबद्दल मला शंका नाही, पण प्रेषित पौलसुद्धा यरुशलेमसाठी गोळा केलेलं दान एकटा घेऊन गेला नाही, कोणी दोष देऊ नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली (2 करिंथ 8). उद्या जागा घ्यायची वेळ आली की तुमच्या नावावर घेऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, 1950 खाली धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात ट्रस्ट रजिस्टर करा, दरवर्षी ऑडिट करा, विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्या. हे बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात आणि मग खरे विश्वस्त कोण यावर कोर्टात भांडणं चालतात, हे मला फार जीवाला लागतं, कारण तो सगळा पैसा गरीब माणसांनी पोटाला चिमटा काढून दिलेला असतो.

माणसं निवडताना घाई मात्र नको. जो जास्त बोलतो किंवा जास्त दान देतो तोच पुढे येतो, त्याला थांबवा. नवशिका नसावा, आधी पारख व्हावी असं बायबलच्या 1 तीमथ्य 3 मध्ये स्पष्ट आहे, म्हणून आधी वर्षभर काम द्या, पद नंतर. दवाखान्यातल्या भेटी तुमच्या मंडळीतल्या बायका कदाचित आत्ताच करत असतील, तुम्हाला माहीतही नसेल, त्यांना विचारा आणि ती जबाबदारी रीतसर त्यांच्याकडे द्या. महिन्यातून एक रविवार संदेश दुसऱ्याला द्या. तो अडखळेल, अडखळू द्या, तुम्ही मुलांजवळ खाली बसा.

त्या दोन कुटुंबांचं म्हणाल तर उपासनेला कोणालाच अडवू नका, पण सभासद म्हणून लगेच नाव लिहू नका. आधी त्यांच्या पाळकांना फोन करा, शक्यतो घरी जाऊन भेटा, आणि ही कुटुंबं तिकडून काही राग घेऊन आली असतील तर आधी तिथे जाऊन समेट करा असं त्यांना सांगा, हवं तर तुम्ही सोबत जा. मग ती परत गेली तरी चालेल.