टीममधली भीती फॉर्मवर मोजता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीने टीममधली मानसिक सुरक्षितता, म्हणजे चूक सांगायला, शंका काढायला किंवा मदत मागायला भीती न वाटणं, मोजायला सांगितली आहे, ती आकड्यात खरंच मोजता येते का, आणि लोकांच्या मनःस्वास्थ्याशी तिचा काही संबंध असतो का.

मोजता येते. अडचण एवढीच की, जिथे बोलायची भीती आहे तिथली माणसं तुमच्या फॉर्मवरही खरं लिहीत नाहीत. मी अकरा वर्षं वॉर्डात नर्स होते, आता एका रुग्णालयाच्या क्वालिटी विभागात आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देते.

या विभागात आल्यावर मी पहिल्यांदा इन्सिडन्ट फॉर्मच्या, म्हणजे झालेली किंवा होता होता टळलेली चूक कळवायच्या फॉर्मच्या, फायली काढल्या. आयसीयूतून महिन्याला सात-आठ फॉर्म येत होते. एका सर्जिकल वॉर्डातून वर्षभरात एकही नाही. मला तो वॉर्ड आदर्श वाटला. पुढे एकदा चहा पिताना तिथल्या एका सिस्टरने सांगितलं, की नाइटला ती इन्सुलिन भरलेली सिरिंज घेऊन चुकीच्या बेडपाशी गेली होती. रुग्ण जागा होता म्हणून बरं. तो म्हणाला, "सिस्टर, मला तर शुगर नाही." ती तशीच मागे फिरली. कुणालाही सांगितलं नाही. फॉर्म का भरला नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "फॉर्म भरला की मेमो येतो, मॅडम." या गोष्टीला तेव्हा आठ महिने झाले होते. शेजारशेजारच्या त्या दोन बेडवरच्या रुग्णांची आडनावं सारखी होती, हे त्या दिवशी कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी बेड बदलता आले असते.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनाही रुग्णालयातच हे कोडं पडलं होतं. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आठ वॉर्डांतल्या औषधांच्या चुका पाहिल्या होत्या. चांगल्या टीमच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: ज्या टीम चांगल्या, त्यांच्याच चुका जास्त नोंदलेल्या. मग हे आकडे माहीत नसलेल्या एका निरीक्षकाने वॉर्डांत राहून पाहिलं. काही ठिकाणी लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होते, काही ठिकाणी झाकत होते. म्हणून तुमच्याकडे एखाद्या टीमच्या तक्रारी, चुका, शंका शून्य दिसत असतील, तर कौतुक करायच्या आधी त्या टीममध्ये दोन दिवस जाऊन बसा.

1999 मध्ये एडमंडसन यांनी एका कारखानदार कंपनीतल्या 51 टीमवर अभ्यास केला आणि त्यात सात वाक्यांची मोजपट्टी वापरली. आज बहुतेक ठिकाणी तीच किंवा तिची भावंडं वापरतात. चूक झाली तर ती इथे माझ्याविरुद्ध धरली जाते; अवघड विषय इथे काढता येतात; इथे मदत मागणं कठीण जातं, अशा धाटणीची वाक्यं. प्रत्येकाला 1 ते 7 मध्ये उत्तर द्यायचं. तीन वाक्यं उलटी आहेत, म्हणजे तिथे जास्त गुण वाईट, बेरजेआधी ते फिरवून घ्यावे लागतात. हे विसरलात तर निकाल पार बिघडतो. उलट्या वाक्यांचा एक उपयोगही आहे: कुणी सातही वाक्यांना वरून खाली 7 वरच खूण केली असेल, तर त्याने फॉर्म न वाचता भरला आहे, किंवा घाबरून.

भाषांतर जपून करा. मूळ मोजपट्टीत 'या टीममध्ये धोका पत्करणं सुरक्षित आहे' अशा अर्थाचं वाक्य आहे. आमच्या सिस्टर ते वाचून चक्रावल्या. रुग्णाच्या बाबतीत धोका कसा पत्करायचा? त्यांचं बरोबरच होतं. आम्ही ते 'मनातली शंका इथे बिनधास्त बोलता येते' असं केलं. मग आमचे गुण दुसऱ्या कुणाच्या गुणांशी ताडून पाहता येत नाहीत हेही मान्य केलं. आम्हाला आमचे मागचे-पुढचे गुण पाहायचे होते, तेवढं पुरलं.

पहिल्या वेळी आमची मोठी चूक झाली. फॉर्म वॉर्ड इन्चार्जनेच वाटले आणि तिनेच गोळा केले. सगळीकडे 6 आणि 7. दुसऱ्या वेळी कॅन्टीनबाहेर कुलूपबंद पेटी ठेवली, सगळ्यांना एकसारखी निळी पेनं दिली, नाव, वय, किती वर्षं नोकरी, काहीच विचारलं नाही. त्याच वॉर्डाची सरासरी 4 च्या आसपास आली. मला तर दोन वेळच्या गुणांमधला हा फरकच सगळ्यात बोलका वाटला.

सरासरीवरही थांबू नका. एका टीममध्ये सगळे 4 म्हणतात आणि दुसरीत अर्धे 7, अर्धे 1, तरी सरासरी दोन्हीकडे 4 च. दुसरीत बहुधा दोन जगं आहेत. आमच्याकडे एकीकडे कायम नोकरीवाल्या होत्या आणि दुसरीकडे कंत्राटी मुली. मानसिक सुरक्षितता हा गुण पूर्ण टीमचा धरतात, म्हणून टीममधली उत्तरं एकमेकांशी जुळतात का हे संशोधक आधी तपासतात, मगच सरासरी काढतात. तुम्ही निदान उत्तरं किती विखुरली आहेत ते पाहा.

आता मनःस्वास्थ्य. ते वेगळं मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे, मागच्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे प्रश्न. प्रत्येकाला 0 ते 5, एकूण 25. बेरीज 13 च्या खाली गेली तर त्या माणसाकडे लक्ष द्यायला हवं असं मानतात. मात्र निनावी फॉर्ममध्ये ते माणूस कोण हे कळणार नाही, म्हणून मदत कुठे मिळेल याचा कागद सगळ्यांनाच द्या. तेवढी तयारी नसेल तर हे प्रश्न विचारूच नका.

संबंध आहे का? आहे. 2017 मध्ये 136 नमुने, म्हणजे 22 हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून झालेल्या एका विश्लेषणात मानसिक सुरक्षिततेचं कामातल्या समाधानाशी, कामात जीव ओतण्याशी आणि शिकण्याशी नातं स्पष्ट दिसलं. पण एकाच दिवशी एकाच फॉर्मवर दोन्ही विचारलं, तर त्या दिवशीचा मूड दोन्ही उत्तरांत उतरतो आणि नातं आहे त्यापेक्षा घट्ट दिसतं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला हेही एका फेरीत कळत नाही. निदान काही आठवड्यांच्या अंतराने विचारा. आणि कामाचा बोजा सोबत नोंदवा. आमच्या त्या वॉर्डात मेमो बंद झाले, फॉर्म यायला लागले, सुरक्षिततेचे गुण चढले. मनःस्वास्थ्याचे जागचे हलले नाहीत. तीस रुग्णांमागे रात्री दोनच सिस्टर होत्या. माणसं वाढवून मागायला मला या गुणांचाच कागद कामी आला, आणि तिसरी सिस्टर मिळायला सात महिने लागले.

तुमची टीम पाच-सहा जणांची असेल तर फॉर्म नकोच, कुणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं. त्याऐवजी महिनाभर मीटिंगमध्ये एवढंच टिपा: वरिष्ठांच्या म्हणण्यावर शंका कुणी काढली, आणि पुढच्या मीटिंगला तोच माणूस पुन्हा बोलला का.