एखाद्या जैववैद्यक संशोधकाचे 142 शोधनिबंध, 3,800 सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले संदर्भ) आणि 31 एच-इंडेक्स असेल, तर त्याचे काम कितपत मोठे समजावे?

आपण दिलेल्या तीन आकड्यांवरून एवढेच म्हणता येते की हा संशोधक सातत्याने लिहितो आणि त्याच्या लेखनाची दखल घेतली जाते. 31 एच-इंडेक्स म्हणजे त्याच्या 31 निबंधांचा प्रत्येकी निदान 31 वेळा संदर्भ दिला गेला आहे. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये ही मोजणी सुचवली. तिचा एक फायदा असा की एखाद-दुसऱ्या गाजलेल्या निबंधाच्या जोरावर कोणी मोठा ठरत नाही. तिची उलट बाजू अशी की ज्याने आयुष्यात तीनच निबंध लिहिले आणि त्या तिन्ही निबंधांनी आपले क्षेत्र पालटून टाकले, त्याचा एच-इंडेक्स तीनच्या वर कधीच जाणार नाही.

सायटेशन का दिले गेले, हे आकडा सांगत नाही. मी जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली आहेत, आणि प्रबंधात ऑलिव्हर लाउरी या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाच्या 1951 च्या निबंधाचा संदर्भ मीही दिला होता. मूळ निबंध मात्र पुष्कळ उशिरा वाचला, हे कबूल करायला हरकत नाही. नमुन्यात प्रथिन किती आहे हे निळ्या रंगाच्या गडदपणावरून मोजण्याची ती पद्धत जगभर वापरली गेली आणि त्या निबंधाची सायटेशन्स 3 लाखांच्या पुढे गेली. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक संदर्भ दिला गेलेला निबंध म्हणून तो ओळखला जातो, पण तो आपला थोर निबंध नव्हे असे खुद्द लाउरींचेच मत होते. पद्धत सांगणारे निबंध आणि आढावा घेणारे लेख यांना नेहमीच भरघोस सायटेशन्स मिळतात. खोडून काढण्यासाठी दिलेला संदर्भही मोजणीत तसाच धरला जातो: लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा 1998 चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील निबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याची सायटेशन्स थोडीथोडकी नाहीत.

याच्या दुसऱ्या टोकाला कोलकात्याचे डॉ. शंभूनाथ डे आहेत. कॉलऱ्याच्या जिवाणूचे विष रक्तावाटे सर्व शरीरावर परिणाम करत असावे, अशा समजुतीने अनेक जण ते शोधत असताना डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून प्रयोग केले. 1959 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की जिवाणू गाळून काढलेला नुसता द्रव त्या भागात सोडला तरी तिथे पाणी साठते, म्हणजेच जिवाणू बाहेर टाकत असलेले विष थेट आतड्यावर काम करते. आज आपण ज्याला कॉलरा टॉक्सिन म्हणतो त्याचा हा शोध, पण सुरुवातीची काही वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. डे 1973 मध्ये निवृत्त झाले, 1978 मध्ये नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले आणि 1985 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कार्याच्या प्रभावाचा आढावा घेणारा लेख लिहिला तो सायटेशन मोजण्याची पद्धत रुजवणाऱ्या यूजीन गारफील्ड यांनी! 1965 च्या सुमारास एखाद्या निवड समितीने नुसत्या आकड्यांवर बोट ठेवले असते, तर डे बहुधा मागच्याच रांगेत बसले असते.

आता आपल्या संशोधकाकडे वळू. प्रथम हे पाहावे की आकडे कुठून घेतले आहेत, कारण गूगल स्कॉलर प्रबंध आणि परिषदांमधील लेखनही धरत असल्याने तिथला आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक नियतकालिकांच्या सूचींपेक्षा सहसा मोठा दिसतो. एकाच नावाच्या दोन व्यक्तींचे काम एकत्र झालेले नाही ना, याचीही खात्री करावी. देशपांडे किंवा कुलकर्णी आडनाव आणि आद्याक्षर एवढेच छापलेले असेल तर हा घोळ हमखास होतो. मग लेखकांचा क्रम पाहावा. जैववैद्यक क्षेत्रात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळाप्रमुखाचे असते, त्यामुळे तीस जणांच्या यादीत अकराव्या क्रमांकावर असलेल्या नावाला बेताचेच वजन द्यावे. शेवटी सर्वाधिक सायटेशन्स असलेले पाच निबंध काढून त्यांचा संदर्भ इतरांनी कोणत्या वाक्यात दिला आहे ते वाचावे. यादीत सर्वांत वर आढावा लेख निघाला, तर तो बाजूला ठेवून दुसऱ्यापासून सुरुवात करावी.