इतरांशी तुलना थांबवून स्वतःसारखं कसं जगावं?

तुम्ही लिहिलंय की वय 27, बरोबरीच्या मित्रांनी पुण्यात फ्लॅट घेतले, दोघं जर्मनीला गेले आणि तुम्ही कोल्हापुरात वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसता. ‘तुलना करू नकोस’ म्हणणारे तुम्हाला भरपूर भेटले असतील. मी ते म्हणणार नाही, कारण मलाही ते कधी जमलेलं नाही. गाण्याच्या क्लासात माझं काय झालं तेवढं सांगते.

आठवीत असताना सांगलीत गाणं शिकायला लागले. क्लासात दहा-बारा मुली, पेटी एक, म्हणून पट्टीही, म्हणजे सा धरायची उंचीही, सगळ्यांना एकच, काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी). शेजारी बसणारी मुलगी तर घरी त्याहून उंच काळी पाचात गायची आणि तार पंचमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या प ला, सहज हात लावून यायची. माझा आवाज मुळातच ढाला, म्हणजे जाड आणि खालचा. तार षड्जाच्या, वरच्या सा च्या, पुढे गेला की फाटायचा. ते लपवायला मी चोरटा, दाबून बारीक केलेला आवाज लावायला शिकले. रियाजही काळी पाचात, का तर ती करते. ज्येष्ठमध चघळून झाला, गुळण्या झाल्या आणि गाण्याच्या ‘मध्यमा’ परीक्षेआधी पंधरा दिवस आवाज जो बसला तो बसलाच.

वर्षभराने दुसऱ्या बाईंकडे गेले. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच गाऊन घेतलं नाही. चहा दिला, शाळेचं, घरचं विचारत राहिल्या. मी बोलत होते आणि त्या ऐकत होत्या, म्हणजे माझा आवाज ऐकत होत्या, हे नंतर कळलं. मग तंबोरा काळी तीनात लावला. मला तो अपमानच वाटला. “एवढ्या खाली? बाप्यासारखं वाटेल,” मी म्हणाले. “गंगूबाई ऐकल्यास का?” एवढंच त्यांनी विचारलं.

नव्हत्या ऐकल्या. शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल यांचा सुरुवातीचा आवाज बारीक आणि उंच होता. पुढे घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि तो जड झाला, इतका की नवख्याला रेडिओवर पुरुषच गातोय असं वाटावं. हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने ये-जा करून गुरू सवाई गंधर्वांकडे शिकलेलं गाणं त्या जड आवाजात पुढची कित्येक दशकं गायल्या. 2002 साली पद्मविभूषण मिळालं तेही त्याच आवाजाला.

बाईंनी मला पूरिया दिला. पूरिया, मारवा आणि सोहनी या तिन्ही रागांत स्वर तेच. कोमल ऋषभ (उतरलेला रे), तीव्र मध्यम (चढवलेला म), बाकीचे शुद्ध, पंचम वर्ज्य, म्हणजे प घ्यायचाच नाही. पण पूरिया मंद्रात, खालच्या सप्तकात, रमतो आणि सोहनीचा सगळा खेळ तार षड्जाच्या आसपास. सोहनी मंद्रात घोळवत बसलात तर ती सोहनी राहत नाही, पूरिया डोकवायला लागतो. काळी पाचात मंद्रात उतरायची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती. तिथे माझा आवाज कसा लागतो हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आता तुमच्याकडे येते. आपल्या तुलनेत पट्टी आणि सूर यांची खिचडी झालेली असते. पट्टी ज्याच्या त्याच्या गळ्याची, ती घासून बदलत नाही. सूर लागला की नाही हे मात्र कुठल्याही पट्टीत तपासता येतं आणि तिथे सवलत नाही. काळी तीनात येऊनही माझा कोमल ऋषभ त्याच्या जागेपेक्षा वर चढायचा, त्या मैत्रिणीचा चोख लागायचा. ही तुलना मी मुद्दाम केली आणि तिचा मला फायदाच झाला. (‘मी असाच आहे’ म्हणत बेसूर गाणारेही पुष्कळ असतात. त्याला स्वतःसारखं जगणं म्हणू नये.) नकलेलाही मी नावं ठेवणार नाही. कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गात, त्यावरच त्यांचं नाव झालं.

दुकानात बसणं ही तुमची पट्टी आहे की नुसतीच सोय, हे मला इथून कळणार नाही. पण उधारीची वही वेळेवर लिहिली जात नसेल, तर तो कोमल ऋषभ आहे. तो जर्मनीला जाऊनही चढाच लागेल. त्या बाबतीत शेजारच्या दुकानदाराशी खुशाल तुलना करा.

ती मैत्रीण आता मैफली करते. मी बँकेत काउंटरवर असते आणि गुरुवारी भजनी मंडळात गाते, काळी तीनात. गेल्या महिन्यात तिच्या सोहनीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला. तार षड्जावर ती थांबली तेव्हा मी कान टवकारून ऐकलं, सूर हलतोय का ते. नाही हलला. मागे घेऊन पुन्हा ऐकलं, तेव्हाही नाही.